धरणाच्या छायेतील ग्रामराज्य

(शेणवा आणि शहापूर तालुक्यातील स्थानिक स्वराज्याविषयी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



एखाद्या खेड्याचे अर्थकारण समजून घ्यायचे तर तीन प्रश्न विचारावे लागतात. त्या गावाच्या परिसरात निसर्गाने काय दिले आहे? त्या देणगीवर आजवर कोणाकोणाचा हात पडला? आणि आज तिच्याविषयी निर्णय घेण्याचा अधिकार कोणाकडे आहे? पहिला प्रश्न भूगोलाचा, दुसरा इतिहासाचा, तिसरा स्थानिक स्वराज्याचा. हे तीन विषय शाळेच्या पुस्तकांतून वेगवेगळे शिकविले जातात; गावात मात्र ते एकमेकांत गुंतलेले असतात. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील शेणवा हे गाव समोर ठेवून या तीन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. शेणवा हे तीर्थक्षेत्र नव्हे, राजधानीचे ठिकाण नव्हे, कारखान्यांचे गावही नव्हे. महाराष्ट्रातील असंख्य गावांसारखे ते एक गाव आहे, आणि म्हणूनच त्याची कहाणी त्याच्यापुरती मर्यादित राहत नाही.

शहापूरहून किन्हवली आणि डोळखांब या बाजूंना जाणाऱ्या वाटेवर शेणवा लागते. पूर्वेला सह्याद्रीची भिंत उभी आहे. तिच्यात आजोबा डोंगर आहे, पुढे मुरबाड तालुक्याच्या अंगाला नाणेघाट आणि माळशेज आहेत. उत्तरेला भातसा नदीचे खोरे, दक्षिणेला काळू नदीचे. भातसा, तिला मिळणारी चोरणा आणि काळू या साऱ्या नद्या घाटमाथ्याच्या पायथ्याशी पाऊस गोळा करतात आणि अखेर उल्हास नदीच्या वाटेने खाडीला जातात. जमीन उंचसखल, डोंगरउताराची. खाचरात भात, वरकस जमिनीवर नाचणी आणि वरई, आणि त्यापलीकडे साग, ऐन व मोहाचे जंगल. वस्ती एकगठ्ठा नाही. मूळ गाव एकीकडे आणि ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांचे पाडे डोंगरकडेला विखुरलेले. कुणबी व आगरी शेतकरी प्रामुख्याने सखल भागात राहतात. या विखुरलेल्या पाड्यांना दुकान, शाळा, दवाखाना आणि एस.टी. यांसाठी शेणवा, किन्हवली, डोळखांब यांसारख्या नाक्याच्या गावांकडेच यावे लागते.

या भूगोलातील मध्यवर्ती वस्तू पाणी ही होय. चार महिन्यांत सरासरी अडीच हजार मिलिमीटर व त्याहूनही अधिक पाऊस येथे कोसळतो. एवढा पाऊस ज्या प्रदेशात पडतो तेथे पिण्याच्या पाण्याचे दुर्भिक्ष असेल असे पुण्यामुंबईच्या माणसाला स्वप्नातही वाटणार नाही. पण खाली काळा कातळ आहे. त्याच्या पोटात पाणी मुरण्यास फारशी जागा नाही; उतारामुळे ते थांबतही नाही. जंगल विरळ झाल्यापासून माती वाहून जाते आणि झरे लवकर आटतात. परिणाम असा की ऑगस्टमध्ये ज्या पाड्याचा जगाशी संबंध पुरामुळे तुटतो, त्याच पाड्यावरच्या बाया मार्च-एप्रिलमध्ये विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरतात. शहापूर तालुक्यात उन्हाळ्याच्या तोंडाशी टँकर सुरू होतात, हा आता सरकारी वर्षाच्या पंचांगातील नेमाचा दिवस झाला आहे.

आणि याच तालुक्यातून मुंबई पाणी पिते. तानसा धरण १८९२ साली पुरे झाले. मोडक सागर १९५७ साली झाला. भातसा १९८०च्या दशकाच्या आरंभी भरू लागले. हे तिन्ही जलाशय शहापूर तालुक्यात किंवा त्याच्या सीमेवर आहेत. मुंबईच्या सातही तलावांची उपयुक्त साठवण १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर इतकी धरली जाते. पैकी ७ लाख १७ हजार दशलक्ष लिटर, म्हणजे जवळजवळ निम्मी, एकट्या भातसाची आहे. भातसाचे पाणी नदीच्या पात्रातूनच खाली पिसे येथील बंधाऱ्यापर्यंत येते, तेथून उपसून पांजरापूर येथे शुद्ध केले जाते आणि नळांतून महानगरात शिरते. ज्या पाड्यांसमोरून ते वाहत जाते, त्या पाड्यांना ते दिसते, मिळत नाही.

हे का झाले, याचे उत्तर इतिहासात शोधावे लागते.

हा मुलूख सदैव वाटेवरचा मुलूख राहिला आहे. सातवाहनांच्या काळापासून सोपारा-कल्याणच्या बंदरांतून देशावर जाणारा माल नाणेघाटाने चढत असे. तेथील शिलालेख त्याची साक्ष देतात. दुसरी वाट थळ घाटाची, नाशिककडे जाणारी. शेणव्याचा टापू या दोन वाटांच्या मध्ये पडतो. वाटेवर ज्याची सत्ता, त्याला किल्ले हवेत. आसनगावजवळच्या माहुली गडावर १६३६ साली शहाजीराजांना निजामशाहीचा अखेरचा लढा सोडून द्यावा लागला. पुढे शिवाजीमहाराजांनी हा गड घेतला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांना द्यावा लागला आणि १६७० साली तो पुन्हा स्वराज्यात आला. राज्ये बदलली, पण डोंगरकडेच्या माणसाचा राज्याशी संबंध वेठ, चौकीदारी आणि वसुली यांपुरताच राहिला.

इंग्रजी अंमलाच्या आरंभी हा भाग कोळवण म्हणून ओळखला जाई. इंग्रजांनी तेथे तीन गोष्टी आणल्या, आणि तिन्हींनी गावाचे अर्थकारण उलटेपालटे केले. पहिली गोष्ट म्हणजे रेल्वे. १८५५ साली लोहमार्ग वासिंदपर्यंत आला आणि १८६५ साली थळ घाट चढून इगतपुरीला पोचला. दुसरी गोष्ट जंगल कायदा. लोहमार्गाला लागणारे लाकूड, मुंबईला लागणारा कोळसा व इमारती साग यांसाठी १८७८ च्या कायद्याने जंगले राखीव झाली. या भागातील भातशेती राबावर चालते. झाडांच्या फांद्या, पालापाचोळा व शेण पसरून रोपाची जागा भाजायची आणि मग पेरणी करायची, ही ती पद्धत. फांद्या तोडणे एका रात्रीत गुन्हा ठरले. ठाण्याच्या शेतकऱ्यांचा असंतोष इतका वाढला की सरकारला १८८५ साली वन आयोग नेमावा लागला; १८८७ साली त्याचा अहवाल आला. राबाच्या काही सवलती मिळाल्या, पण त्या सवलती होत्या, हक्क नव्हते. तिसरी गोष्ट अबकारीची. १८७८ च्याच अबकारी कायद्याने व पुढे १८९२ च्या मोहाविषयीच्या कायद्याने ज्या झाडावर आदिवासी कुटुंब उन्हाळा काढीत असे, त्या झाडाचे फूल गोळा करणेही सरकारी नियंत्रणाखाली आले.

या तीन गोष्टींनी मोकळा माणूस सावकाराच्या दारी बांधला गेला. जंगल गेले, जोडधंदा गेला, सारा रोकडीत भरायचा, लग्नाला कर्ज काढायचे आणि ते फेडण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या राबायचे. १९३५ च्या कायद्याखाली मुंबई इलाख्यातील जे प्रदेश ‘अंशतः वर्जित क्षेत्रे’ ठरविण्यात आले, त्यांत डहाणूबरोबर शहापूर तालुकाही होता. या क्षेत्रांची पाहणी डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने १९३० च्या दशकाच्या अखेरीस केली, आणि वेठबिगारीचे जे वर्णन त्याने सरकारला सादर केले ते वाचून आजही मान खाली जाते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की हा अहवाल लिहिणारा कोणी क्रांतिकारक नव्हता. तो साम्राज्याचा नोकर होता.

या प्रदेशाने निमूटपणे सारे सोसले असे मात्र नाही. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना बंड उभारणाऱ्या राघोजी भांगरे यांना १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. १९४२ च्या लढ्यात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला जाणाऱ्या विजेचे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यातील सिद्धगडच्या रानात ते दोघे हुतात्मा झाले. भाई कोतवालांची आठवण आज वेगळ्या कारणानेही व्हावयास हवी. बंदूक हाती घेण्याआधी त्यांनी या भागात शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढल्या होत्या. पावसाळ्याच्या तोंडी सावकाराकडून दीडपट-दुपटीने धान्य उचलावे लागू नये, म्हणून गावाने गावाचे धान्य साठवावे आणि गावानेच ते वाटावे, अशी ती व्यवस्था. स्थानिक स्वराज्याची व्याख्या करण्यासाठी यापेक्षा चांगले उदाहरण शोधण्याची गरज नाही.

सरकारच्या कागदावरचे स्थानिक स्वराज्य मात्र निराळ्या वाटेने आले. १८६९ साली साऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड म्हणून घेण्याचा कायदा झाला. म्हणजे कर आधी आला. प्रतिनिधित्व रिपनच्या १८८२ च्या ठरावानंतर, १८८४ च्या लोकल बोर्ड कायद्याने, तेही मोजक्या जमीनदार व वकिलांना मिळाले. १९२० व १९३३ च्या ग्रामपंचायत कायद्यांनी गावाला पंच दिले, पण पैसा दिला नाही. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कूळ कायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने अनेक कुळे मालक झाली. ज्यांचे नाव कुळाच्या रकान्यात कधी चढलेच नव्हते ते कातकरी व ठाकूर मात्र बहुसंख्येने बाहेरच राहिले. १९५८ चा ग्रामपंचायत कायदा, वसंतराव नाईक समितीचा १९६१ चा अहवाल आणि १ मे १९६२ रोजी अस्तित्वात आलेल्या जिल्हा परिषदा यांनी त्रिस्तरीय रचना उभी केली. महाराष्ट्राने त्या वेळी जिल्ह्याला जेवढे अधिकार दिले, तेवढे देशात फार थोड्या राज्यांनी दिले होते, हे मान्य केलेच पाहिजे.

तथापि या रचनेत एक मूलभूत उणीव राहिली. सत्ता जिल्ह्यापर्यंत उतरली, गावापर्यंत उतरली नाही. डॉ. राममनोहर लोहिया यांनी मांडलेल्या चौखंबा राज्याच्या कल्पनेत गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र या चारही खांबांवर भार समान अधिष्ठानाने यावयाचा होता. प्रत्यक्षात गावाचा खांब शोभेचा राहिला. अशोक मेहता समितीने १९७८ साली हा प्रश्न वेगळ्या बाजूने पाहिला. एकेक गाव फार लहान पडते, म्हणून पंधरा-वीस हजार वस्तीची मंडल पंचायत करावी, असे तिने सुचविले. शेणव्यासारख्या नाक्याच्या गावाभोवती नैसर्गिकरीत्या जो पाड्यांचा परिसर तयार झालेला आहे, तो नेमका याच आकाराच्या जवळ जाणारा. महाराष्ट्राने ती शिफारस स्वीकारली नाही. कर्नाटकाने १९८३ च्या कायद्याने स्वीकारली. तेथील पंचायत राज खात्याचे मंत्री अब्दुल नझीर साब यांना लोक ‘नीरसाब’ म्हणू लागले, कारण त्यांनी खेड्यांत पिण्याच्या पाण्याला अग्रक्रम दिला होता. पाणी आणि पंचायत यांचा संबंध सामान्य माणसाला असा सरळ समजतो. अडचण येते ती राज्यकर्त्यांना.

१९९३ साली अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनात्मक स्थान दिले, आणि १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभेला विशेष अधिकार दिले. संपूर्ण शहापूर तालुका १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित क्षेत्रात मोडतो. मुरबाडची काही गावेही त्यात आहेत. म्हणजे शेणव्याच्या ग्रामसभेला गौण वनोपजावर, गौण खनिजावर, गावच्या बाजारावर, दारूच्या परवान्यावर, सावकारीवर आणि लहान जलाशयांवर कायद्याने अधिकार आहे. भूसंपादनापूर्वी तिचा विचार घ्यावा लागतो. सरपंचपद अनुसूचित जमातीसाठी राखीव आहे. पाड्याला स्वतःची स्वतंत्र ग्रामसभा मागता येते. महाराष्ट्राने या कायद्याचे नियम करण्यास मात्र १८ वर्षे घेतली. ते मार्च २०१४ मध्ये आले. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के निधी अबंध स्वरूपात थेट या ग्रामपंचायतींकडे देण्याचा निर्णय झाला. हे पाऊल योग्य दिशेचे होते, हेही सांगितले पाहिजे.

आता कायदा आणि गाव यांच्यामधले अंतर पाहा.

पहिली गोष्ट ग्रामसभेच्या वेळेची. रूढीने ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार दिवशी भरतात. भाताची कापणी झाली, दिवाळी झाली की कातकरी कुटुंबे मुलाबाळांसह भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. मालकाने पावसाळ्यातच उचल दिलेली असते. ती फिटेपर्यंत, म्हणजे पुढच्या पावसाळ्यापर्यंत, ती तेथेच राहतात. वेठबिगारीविरुद्धचा कायदा १९७६ साली झाला, तरी उचलीची साखळी अशी शिल्लक आहे. चारपैकी दोन ग्रामसभा, जानेवारीची आणि मेची, ही माणसे गावात नसताना भरतात. पाण्याच्या टंचाईवर आणि नव्या वर्षाच्या कामांवर ज्या वेळी चर्चा व्हायची, त्या वेळी ज्यांना सर्वाधिक टंचाई भोगावी लागते तेच गैरहजर असतात. वनहक्क कायद्याखालील ग्रामसभेला तर २०१२ च्या दुरुस्तीनुसार किमान निम्म्या सभासदांची हजेरी लागते. स्थलांतर करणाऱ्या पाड्याला ती भरवणे जवळजवळ अशक्य होते. तारखांचा हा साधा प्रश्न आहे. त्याला खर्च लागत नाही. सप्टेंबर व ऑक्टोबरमध्ये, भट्टीला निघण्याआधी, पाड्यापाड्यावर सभा भरविण्याचा नियम केला तर तो सुटतो. पण कारभार ज्यांच्या सोयीने आखला जातो, त्यांच्या गैरहजेरीची कधी नोंद होत नसते.

दुसरी गोष्ट पैशाची. ग्रामपंचायतीचे स्वतःचे उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर आणि बाजारफी. ज्या गावात कुडाची घरे आहेत तेथे घरपट्टीतून काय जमणार? लोहमार्गालगतच्या किंवा महामार्गालगतच्या गावांना गोदामे व कारखाने मिळाले. आतल्या गावांना ते नाहीत. उरते ते अनुदान. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ ते २०२० या काळात ग्रामीण अनुदान थेट ग्रामपंचायतींना दिले. पंधराव्या आयोगाने ते पुन्हा तीन स्तरांत विभागले आणि त्यातील मोठा भाग पाणी व स्वच्छता यांनाच बांधून टाकला. पैसा वरून येतो, कशावर खर्च करायचा हे वरून ठरते, अंदाजपत्रक अभियंता करतो, काम ठेकेदार करतो. सरपंच सही करतो. आदिवासी सरपंचाच्या सहीमागे दुसऱ्याच कोणाचा हात असतो अशी टीका वारंवार होते. ती पुष्कळदा खरीही असते. पण ज्या खुर्चीला अधिकार नाही, ती खुर्ची नामधारीच राहणार. त्याचा दोष त्या खुर्चीवर बसलेल्या अल्पशिक्षित स्त्रीवर किंवा पुरुषावर टाकणे हा सोयीस्कर अन्याय आहे.

तिसरी गोष्ट जिल्हा परिषदेची. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला. त्यानंतर ठाणे जिल्हा परिषदेची निवडणूक डिसेंबर २०१७ मध्ये झाली. मधल्या काळात कारभार प्रशासकाकडे होता. त्या परिषदेची मुदत संपल्यावर पुन्हा प्रशासक आला. राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदांची २०२२ नंतर हीच गत झाली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात होता, हे खरे. परंतु लोकसभा आणि विधानसभा यांच्या निवडणुका वेळेवर होतात आणि पंचायतींच्या वर्षानुवर्षे लांबतात, याचा अर्थ काय? सर्वोच्च न्यायालयाला मे २०२५ मध्ये या निवडणुका घेण्याची मुदत घालून द्यावी लागली. लोकनियुक्त संस्था नसली की वित्त आयोगाचे अनुदान अडते, ते वेगळेच. प्रशासक कार्यक्षम असू शकेल, प्रामाणिकही असेल. परंतु टँकर का आला नाही असे त्याला विचारण्यासाठी पाड्यावरच्या बाईला मतपेटी उपलब्ध नसते.

आणि चौथी, सर्वांत महत्त्वाची गोष्ट पाण्याची. पेसा कायद्याने ‘लहान जलाशय’ ग्रामसभेकडे दिले. तलाव गावाचा, बंधारा गावाचा. धरण मात्र राज्याचे. ज्या तालुक्यात तलाव उन्हाळ्यात कोरडे पडतात आणि भरलेली राहतात ती धरणे, त्या तालुक्यात या वाटणीचा अर्थ स्पष्ट आहे. कोरडे तेवढे गावाचे. धरणासाठी जमिनी गेल्या तेव्हा पुनर्वसनाचा कायदाही नव्हता किंवा नवा होता. महाराष्ट्राचा पहिला पुनर्वसन कायदा १९७६ चा. १९८३ साली भातसाच्या परिसरात भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. सप्टेंबरातील धक्का सर्वांत मोठा होता, आणि जलाशयाच्या भारामुळे होणाऱ्या भूकंपांच्या अभ्यासात त्याची गणना झाली. म्हणजे जमीन गावांची गेली, धोका गावांनी पत्करला, आणि पाणी शंभर किलोमीटरांवर गेले. आता काळू आणि शाई या उरलेल्या नद्यांवरही महानगर प्रदेशासाठी धरणे आखली गेली आहेत. काळू धरणाचे काम वनखात्याच्या मंजुरीआधीच सुरू झाले होते. श्रमिक मुक्ती संघटनेच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ साली त्याला स्थगिती दिली. ग्रामसभांचा ठराव जेथे आधी व्हायचा तेथे न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या.

या ठिकाणी एक हिशेब मांडून पाहणे उपयुक्त ठरेल. मुंबई महापालिका रोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी पुरविते. त्यातील निम्मे भातसाचे धरले, तर ते रोज सुमारे १९ लाख घनमीटर होते. एका घनमीटरला, म्हणजे हजार लिटरला, केवळ एक रुपया जलउपकर धरणक्षेत्राच्या नावे बसविला, तर वर्षाला सुमारे ७० कोटी रुपये जमतील. शहापूर तालुक्यात शंभराहून अधिक ग्रामपंचायती आहेत. ही रक्कम त्यांत सारखी वाटली तरी एकेका ग्रामपंचायतीच्या वाट्याला दरसाल ६० ते ७० लाख येतील. घरपट्टीवर जगणाऱ्या पंचायतीला ही रक्कम म्हणजे अनुदानाच्या खिडकीतून सुटका आहे. मुंबई महापालिकेचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक ७४ हजार कोटींच्या वर गेले. त्या मानाने ७० कोटी म्हणजे हजारी एक रुपयासुद्धा नव्हे.

यावर तीन आक्षेप येतील, आणि त्यांना उत्तर दिले पाहिजे.

पहिला आक्षेप असा की पाणी साऱ्या समाजाचे आहे, ते एका तालुक्याचे कसे? आक्षेप तत्त्वतः बरोबर आहे, आणि समाजवाद्यांनी तर तो मुळीच झिडकारू नये. मुंबईच्या झोपडपट्टीतील मजुरालाही पाण्याचा तेवढाच हक्क आहे. त्यांतले कित्येक याच डोंगरांतून गेलेले आहेत. परंतु खनिजसुद्धा समाजाचेच आहे. तरीही २०१५ च्या दुरुस्तीने खाणबाधित जिल्ह्यांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठाने स्थापन झाली. जलविद्युत प्रकल्पांत ज्या राज्यात धरण, त्या राज्याला बारा टक्के वीज विनामूल्य मिळण्याची प्रथा आहे. कोळशाला आणि विजेला जो न्याय लागतो, तो पिण्याच्या पाण्याला का लागू नये?

दुसरा आक्षेप असा की बोजा शहरातील गरिबावर पडेल. पाच माणसांचे कुटुंब माणशी १३५ लिटर वापरते असे धरले, तर महिन्याला सुमारे २० हजार लिटर होतात. उपकर झाला २० रुपये. झोपडपट्टीतील जोडण्यांना तो माफ करून मोठ्या वापरावर, तरणतलावांवर आणि व्यापारी वापरावर चढता दर लावणे मुळीच अवघड नाही. शहरातील गरीब आणि धरणाकाठचा गरीब यांना एकमेकांसमोर उभे करण्याची युक्ती जुनी आहे. तिला बळी पडू नये.

तिसरा आक्षेप भ्रष्टाचाराचा. एवढा पैसा गावात गेला तर ठेकेदार तो खातील, असे म्हणतात. हा धोका खरा आहे. गावातील विषमता, पुढाऱ्यांची साखळी, जातीची उतरंड यांबद्दल भाबडेपणा बाळगण्याचे कारण नाही. पण ठेकेदार आजही खातच आहे, आणि आज त्याचा हिशेब तालुक्याच्या कचेरीत बंद असतो. निधी पाड्याच्या ग्रामसभेकडे गेला, हिशेब फळ्यावर लिहिला गेला आणि सभा माणसे गावात असताना भरली, तर निदान प्रश्न विचारणारे समोर असतील. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळविला आणि पुढे बांबूचा व्यवहार स्वतः केला. ते गाव काही देवमाणसांचे नाही. त्याने अभ्यासाची आणि सर्वसंमतीची सवय वर्षानुवर्षे लावून घेतली, एवढेच. तशी सवय सत्ता हाती असल्याशिवाय लागत नाही.

शेणव्याच्या आसपास काळही थांबलेला नाही. मुंबई-आग्रा महामार्ग रुंद झाला. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा अखेरचा टप्पा, इगतपुरी ते आमणे, याच तालुक्यातून खुला झाला. त्याच्या बांधकामात १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे सरळांबे येथे यंत्र कोसळून २० कामगार मरण पावले. आता रस्त्याबरोबर जमिनीचे दलाल आले आहेत. आदिवासींच्या जमिनीच्या हस्तांतरावर कायद्याचे निर्बंध आहेत. कुणब्यांच्या जमिनीवर नाहीत. भाताचे खाचर बंगल्यांच्या भूखंडात बदलते, कूपनलिका खोल जाते, आणि शेजारच्या पाड्याची विहीर महिनाभर आधी आटते. गावच्या पाण्याचे नियोजन करणारी संस्था बळकट नसेल, तर येत्या काळात धरणाने जे केले ते भूखंडांनी अधिक शांतपणे पुरे होईल.

म्हणून मागण्या मोजक्या व स्पष्ट असाव्यात. धरणक्षेत्रातील गावांना पिण्याच्या पाण्याचा पहिला हक्क कायद्याने मिळावा. भावली धरणातून गुरुत्वाकर्षणाने पाणी आणण्यासारख्या योजना टँकरचा खर्च मोजत न बसता पुऱ्या कराव्यात. जलउपकराचा निधी थेट ग्रामसभांना मिळावा. पाड्यांना स्वतंत्र ग्रामसभा द्याव्यात, आणि सभांच्या तारखा स्थलांतराचे वेळापत्रक पाहून ठरवाव्यात. शेणवा, किन्हवली, डोळखांब यांसारख्या केंद्रांभोवतीच्या पंचायतींना एकत्र येऊन आपल्या खोऱ्याचे नियोजन करण्याचा अधिकार असावा. काळू-शाईच्या खोऱ्यांत ग्रामसभांच्या संमतीशिवाय कुदळ पडू नये. आणि जिल्हा परिषदेची मुदत संपल्यावर सहा महिन्यांत निवडणूक न झाल्यास त्याची जबाबदारी कोणावर, हे कायद्यात लिहिले जावे.

यांतील एकही मागणी अवास्तव नाही. बहुतेकींना घटनेत आणि विद्यमान कायद्यांत आधार आहे. उणीव आहे ती मागणाऱ्यांच्या संघटनेची. ही संघटना मुंबईत बसून होणार नाही. पण मुंबईतील कामगार, शिक्षक, गृहिणी यांनी आपल्या नळाचे पाणी कोणत्या गावांतून येते हे जाणून घेतले, आणि त्या गावांच्या मागणीला आपल्या वॉर्डात पाठिंबा दिला, तर तिला बळ येईल. नळाची दोन्ही टोके एकाच लढ्यात आल्याशिवाय शेणव्याच्या ग्रामसभेला तिचे पाणी मिळावयाचे नाही.